कॅसेटमधला गेम गेला कुठे?

जून २०२५ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीचं स्विच २ हे गेमचं मशीन आलं आणि त्याच्याबरोबर 'गेम-की कार्ड' नावाचा एक नवा प्रकार आला. दुकानातून डबी विकत आणायची. आत छोटंसं कार्ड असतं, पण कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. कार्ड मशीनमध्ये सरकवायचं, गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आणि पुढे दर वेळी खेळताना ते कार्ड आत ठेवायचं. पुढच्याच महिन्यात युरोपातल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. त्यांचं म्हणणं एवढंच, की एकदा विकलेला गेम कंपनीने मागाहून बंद पाडू नये.

या बातम्या वाचताना मला अमळनेरची आमची गल्ली आठवली. तिथे गेमवरून होणाऱ्या प्रत्येक भांडणाचा शेवट एकाच वाक्याने व्हायचा: "मनी कॅसेट शे ती!" माझी कॅसेट आहे ती. यावर समोरच्याकडे उत्तर नसायचं. कॅसेट ज्याची, गेम त्याचा. मालकीचा हा सरळ हिशेब कुठे कुठे फिसकटत गेला, त्याची ही पार्श्वभूमी.

कॅसेट हे नाव आपणच पाडलेलं. आत टेप नसते, फिरणारं काहीच नसतं; असते एक पट्टी आणि तिच्यावर बसवलेली मेमरीची चिप. १९७६ मध्ये फेअरचाइल्ड या अमेरिकन कंपनीने 'चॅनल एफ' काढलं, तेव्हा गेम असा चिपेत भरून वेगळा विकायची पद्धत सुरू झाली. त्या कामाचे प्रमुख होते जेरी लॉसन. त्याआधीच्या बहुतेक घरगुती मशीनमध्ये कारखान्यात बसवलेले दोन-चार खेळ असायचे, त्यांचा कंटाळा आला की मशीन माळ्यावर. पुढच्या वर्षी अटारीने हीच पद्धत घराघरांत नेली, आणि १९८३ पर्यंत अमेरिकेत इतके भिकार गेम निघाले की अख्खा बाजारच बसला. न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाजवळ खड्ड्यात पुरला. २०१४ मध्ये लोकांनी तो हौसेने उकरून काढला.

तिकडे बाजार बसत होता आणि इकडे १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये निन्टेन्डोचं फॅमिकॉम विक्रीला आलं, १४,८०० येनांना. मासायुकी उएमुरा यांनी ते घडवलं होतं. त्याचा मेंदू म्हणजे ६५०२ या जुन्या चिपेचं रिको कंपनीने केलेलं रूप. ही ६५०२ मोठी पुण्यवान चिप. १९७५ मध्ये इतरांच्या चिपा तीनशे डॉलरच्या वर असताना ती २५ डॉलरला मिळू लागली, आणि ॲपल २ या कॉम्प्युटरपासून कितीतरी यंत्रं तिच्यावर उभी राहिली. फॅमिकॉममध्ये कामापुरती मेमरी होती २ केबी.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत हे यंत्र नेताना निन्टेन्डोने आत कुलूप बसवलं. परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट चालू नये म्हणून यंत्रात एक चिप आणि कॅसेटमध्ये तिची जोडीदार. मूळ जपानी फॅमिकॉमला मात्र असलं कुलूपच नव्हतं. दार सताड उघडं बघून तैवान आणि चीनमधले कारखानदार आत शिरले. नव्वदच्या दशकात रशियात 'डेंडी' म्हणून जे गाजलं आणि आपल्याकडे नुसतं 'टीव्ही गेम' म्हणून जे आलं, ते सगळं या फॅमिकॉमचं डुप्लिकेट.

आमच्या घरी टीव्ही गेम आला तो कापसाच्या चुकाऱ्यातून. आप्पांचा मूड चांगला होता, तेवढ्यात साधून घेतलं. दुकानदार म्हणाला, माल सुरतचा आहे. सुरत-भुसावळ लाइनवर राहणाऱ्या माणसाला त्याचं नवल नाही. आमच्याकडे साडीपासून घड्याळापर्यंत बरंच काही सुरतेहूनच यायचं. एक गंमत सांगायची राहते. विप्रोची सुरुवात अमळनेरलाच झाली, २९ डिसेंबर १९४५ ला, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून. ती कंपनी ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर बनवायला लागली. गावातल्या लोकांना विप्रोचे शेअर माहीत होते, कॉम्प्युटर नव्हता. आमच्या गल्लीने पहिला प्रोसेसर पाहिला तो सुरतेहून आलेल्या डुप्लिकेट डब्यात, आणि त्याला प्रोसेसर म्हणतात हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका सुट्टीत मी कॅसेट खोलली. मोठ्या पिवळ्या डबीत हिरवी पट्टी, जेमतेम तिच्या अर्ध्या उंचीची. पट्टीच्या मधोमध डांबराचा थेंब पडून वाळावा तसा काळा गोळा, बस. ओरिजनल कॅसेटमध्ये नीट पायांची चिप असते. डुप्लिकेटवाले खर्च वाचवायला उघडी चिप थेट पट्टीवर चिकटवतात आणि वरून काळं इपॉक्सी ओततात. पुढे पुढे तर अख्खं फॅमिकॉमच अशा एका गोळ्याखाली मावायला लागलं. म्हणून ते डबे एवढे हलके असायचे.

त्या काळ्या गोळ्यात काय काय असायचं! १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. ३२ केबी प्रोग्रॅम, ८ केबी चित्रं, एकूण ४० केबी. आज सकाळी मामाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं 'शुभ सकाळ' त्याहून मोठं असेल. एवढ्या जागेत बत्तीस लेव्हल बसवायच्या म्हणजे काटकसर कुठवर, तर आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. रंग बदलला की ढगाचं झुडूप होतं. हे मला कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि तरी उठून टीव्हीजवळ जाऊन बघितलं.

डुप्लिकेटचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे थापा. लेबलवर लिहिलेलं असायचं '९९९९९९९ इन १'. मेनू खाली सरकवत राहिलं की आकडे वाढत जायचे, नावं बदलायची, पण खरे गेम पाच-सहाच. बाकी तेच पुन्हा. एकात मारिओ तिसऱ्या वर्ल्डपासून सुरू, दुसऱ्यात काँट्रामध्ये सुरुवातीलाच भारी बंदूक. मेनूचा प्रोग्रॅम गेम सुरू करण्याआधी मेमरीत दोन-चार आकडे बदलून ठेवायचा आणि मग गेमला हाक मारायचा, एवढीच ती युक्ती. फसवणूक होतीच. पण मी तिला शिव्या देणार नाही, कारण जे पाच गेम होते ते पूर्ण होते आणि आजही आहेत.

बंदुकीचाही तसाच किस्सा. बदकं मारायच्या गेमची बंदूक काहीच सोडत नाही, उलट ती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. आधी अंधार आणि मग बरोबर वेळेला उजेड दिसला, तरच बदक पडतं. आम्ही हुशारी करून बंदूक शंभरच्या बल्बवर धरली होती. बदक काही पडेना, कारण बल्ब मधे काळा होत नव्हता. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेलं आहे. एलसीडीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, म्हणून तीच बंदूक आज आंधळी.

फुंकर मारण्याबद्दल मात्र आपण सगळे चुकलो. फुंकरीने कॅसेट सुरू होत नव्हती. काढून परत घातल्यामुळे पट्टीची टोकं नीट टेकायची. फुंकरीतला ओलावा उलट त्यांना गंज चढवायचा. तरी मी आजही फुंकर मारूनच घालतो.

खरा शत्रू होता लाईट. या कॅसेटमध्ये सेव्ह करायची सोय नव्हती. ओरिजनल कॅसेटपैकी काहींत सेल बसवलेला असायचा, तो मेमरी जागी ठेवायचा. आमच्या डुप्लिकेटमध्ये असला खर्च कोण करणार? त्यामुळे आठव्या वर्ल्डला पोचलेला मारिओ लाईट गेली की परत पहिल्या वर्ल्डला. २००५ नंतरच्या भारनियमनात तर दिवसातून दोनदा जन्म-मरण. भुसावळजवळ दीपनगरला वीज बनते, त्या चिमण्या आम्ही रेल्वेतून बघायचो आणि घरी येऊन अंधारात बसायचो. रात्री गेम अर्धवट राहिला की पॉज करायचं, टीव्ही बंद करायचा, मशीन चालूच ठेवायचं आणि त्याच्या लाल दिव्यावर रुमाल टाकायचा. आप्पांना दिसू नये म्हणून.

मधला काळ चकत्यांचा. सोनीचं प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये सीडी घेऊन आलं. चिपेपेक्षा सीडी छापणं कितीतरी स्वस्त आणि जागा साडेसहाशे एमबी, त्यामुळे कॅसेटला चिकटून राहिलेलं निन्टेन्डो मागे पडलं. इकडे २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि घरात कॉम्प्युटर घ्यायला आईवडिलांपुढे मांडायला कारण मिळालं. नोकरीला लागते म्हणून घेतलेल्या त्या मशीनवर पहिल्या आठवड्यात व्हाइस सिटी ही गेम चढायची, शेजारच्याच्या सीडी रायटरवर उतरवलेली. क्रॅकची, म्हणजे गेमचं कुलूप फोडणारी, कुठली फाइल कुठे टाकायची, यातून आमच्यातल्या निम्म्यांना फोल्डर म्हणजे काय ते कळलं. कोर्सच्या पुस्तकातून नाही.

इथपर्यंत मालकीला धक्का नव्हता. चकती हातात होती. धक्का बसला तो १६ नोव्हेंबर २००४ ला. व्हॉल्व्ह कंपनीचा हाफ-लाइफ २ दुकानात डबीत मिळत होता, पण चकती टाकल्यावर तो आधी कंपनीच्या 'स्टीम' या सेवेला इंटरनेटवरून विचारायचा आणि मगच उघडायचा. अमेरिकेतसुद्धा लोक वैतागले. आमच्याकडे तेव्हा डायल-अपचा मोडेम किंचाळायचा आणि घरचा फोन लागेनासा व्हायचा. तिथे गेमने परवानगी मागायला बाहेर जावं ही कल्पनाच विनोदी वाटली असती. पण कंपन्यांना वाट सापडली होती. वीस वर्षांत पीसीवरच्या चकत्या जवळजवळ संपल्या.

२०१३ चा जून मला फार आवडतो. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की आपलं नवं गेमचं मशीन एक्सबॉक्स वन दर चोवीस तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी लावेल आणि चकत्या उसन्या द्यायला नियम असतील. सोनीने उत्तर म्हणून छोटासा व्हिडिओ काढला, गेम मित्राला कसा द्यायचा याचा. एक माणूस डबी पुढे करतो, दुसरा घेतो. झालं. गल्लीत आम्ही रोज करायचो ते, फक्त कंपनीच्या माणसांनी केलेलं. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात, १९ जूनला माघार घेतली. आणि तीच सोनी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो काढते तेव्हा चकतीचा ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायला लावते. कंपन्यांच्या तत्त्वांवर माझा विश्वास नाही तो असा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि खान्देशातल्या खेड्यांत इंटरनेट आधी, कॉम्प्युटर नंतर अशी उलटी गंगा वाहिली. केळीच्या बागेत पाण्याची पाळी धरून बसलेली पोरं पबजी खेळायला लागली. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी होतं. ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी सर्व्हर बंद. ॲप मोबाइलमध्ये तसंच, चिन्हही जागेवर, आत काहीच नाही. बंदी योग्य की अयोग्य हा वाद मी इथे घालत नाही. पण आपला गेम आपल्याकडे नसतोच, हे लाखो पोरांना एका दिवसात समजलं. पुढे २ जुलै २०२१ ला तो बीजीएमआय नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. गल्लीतल्या कॅसेटीने एवढा छळ कधी केला नव्हता.

तिकडे हेच युबिसॉफ्टच्या 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचं झालं. २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. एकट्याने खेळायचा भागसुद्धा सर्व्हरला बांधलेला असल्याने चकती असून उपयोग शून्य. त्याच वर्षी जानेवारीत याच कंपनीचा एक अधिकारी बोलून गेला होता की सबस्क्रिप्शन वाढायचं तर गेम आपल्या मालकीचा नसण्याची खेळणाऱ्यांना सवय व्हावी लागेल. 'द क्रू' बंद झाल्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' सुरू केलं. सह्यांची बातमी त्याचीच. कॅलिफोर्नियाने त्याच सप्टेंबरात कायदा केला की परवानाच देत असाल तर 'विकत घ्या' एवढंच लिहून भागणार नाही, परवाना आहे हे स्पष्ट सांगा. स्टीमवर आता पैसे भरताना तशी ओळ दिसते. प्रामाणिकपणा वाढला, मालकी नाही.

गेम-की कार्डाची सबब मात्र मला अर्धी पटते. कार्डावरची मेमरी महाग आणि आजचे गेम मारिओच्या लाखो पटीने मोठे. १९८८ मध्येही चिपांच्या टंचाईने निन्टेन्डोच्या कॅसेटी रखडल्या होत्या, तेव्हा हे दुखणं जुनंच. पण ३डीएस आणि वी यू या मशीनची ऑनलाइन दुकानं निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये बंद केली, हेही तितकंच खरं. किल्ली उरेल, पण कुलूप कुठे असेल?

मागच्या दिवाळीत भाचा पुण्याहून अमळनेरला आला, मशीन आणि एका कंपनीच्या नव्या गेमची चकती घेऊन. घरभर सांगून झालं, ओरिजनल आहे. चकती आत गेली आणि पडद्यावर आलं, डाउनलोड, सत्तर जीबी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पट्टी हलेना. मी माळ्यावरून पिवळी कॅसेट काढली, फुंकर मारली आणि घातली. डबा गरम होऊन वास यायला लागला, पण मारिओ आला. दहा मिनिटं तो खेळला. ढग आणि झुडूप एकच आहे हे दाखवलं तर म्हणाला, "मामा, चीटिंग आहे ही."

रात्री झोपताना पट्टी अकरा टक्क्यांवर होती. त्याने टीव्ही बंद केला, मशीन चालूच ठेवलं आणि आजोबांना दिसू नये म्हणून त्याच्या पांढऱ्या दिव्यावर आपला टॉवेल टाकला.