पार्श्वभूमी : युद्धात आलेली नळी

२०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला आले. सैनिकांच्या अत्याचारांतून दिवस गेलेल्या बायकाही त्यांत होत्या. छावणीतल्या दवाखान्यांत काही महिन्यांतच त्यांची सोय झाली. कागदावर मात्र ‘गर्भपात’ नव्हे, ‘एमआर’ लिहिलं जाई. मेन्स्ट्रुअल रेग्युलेशन, बंगालीत मासिक नियमितकरण. म्हणजे चुकलेली पाळी आणणं.

या शब्दाचं मूळ १९७२ च्या ढाक्यात आहे. १९७१ च्या, पाकिस्तानविरुद्धच्या मुक्तियुद्धातल्या बलात्कारांचा आकडा सरकार दोन लाख सांगतं. त्यावर वाद आहेत. सरकारने या बायकांना ‘बीरांगना’ म्हटलं खरं, पण बिरुदाने पोट थोडंच लपतं! १८६० च्या दंडसंहितेनुसार आईचा जीव वाचवण्यापुरताच गर्भपात करता येई. पीडितांसाठी तो कायदा तात्पुरता बाजूला ठेवला गेला. परदेशी डॉक्टर आले, त्यांत ऑस्ट्रेलियाचे जेफ्री डेव्हिस होते. कित्येक जणी तोवर दाईकडे जाऊन, जंतुसंसर्ग घेऊन आल्या होत्या.

त्याच वेळी कॅलिफोर्नियाचे हार्वे कारमनही ढाक्यात आले. हा माणूस डॉक्टर नव्हे, मानसशास्त्रातला. त्याने आणलेली वस्तू म्हणजे पेन्सिलीहून बारीक, मऊ प्लास्टिकची नळी. ती मोठ्या सिरिंजला जोडायची आणि हाताने ओढ द्यायची. तोवर पिशवी साफ करायची तर धातूची क्युरेट, म्हणजे खरवडायचं हत्यार लागे, बहुधा भूल आणि ऑपरेशन थिएटरही. नळीला वीजसुद्धा लागत नव्हती. अर्धवट गर्भपातात आत राहिलेले तुकडेही तिनेच निघत, रक्तस्राव थांबे.

आपल्याकडेही कलमं तीच १८६० ची. पण महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने वाट करून दिली आणि १ एप्रिल १९७२ पासून गर्भपाताला मुभा देणारा नवा कायदा लागू झाला. बांगलादेशने कायद्याला हात लावला नाही, शब्द बदलला. गर्भ आहे की नाही हे तपासलंच नाही, तर गुन्हा सिद्ध कसा करणार? १९७४ मध्ये मोजक्या दवाखान्यांत याच नळीने सुरू झालेलं एमआर १९७९ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजनात आलं. डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेविकाही ते शिकल्या.

१९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्येवरच्या कैरो परिषदेत ठरलं, की देशाचा कायदा काहीही असो, गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीवर उपचार मिळालेच पाहिजेत. पुढे आपत्तीत पाठवायच्या औषध-साहित्याच्या पेट्यांत आठ नंबरची पेटी याच कामाची ठरली.

एमआरची मुदत आरोग्यसेविकेकडे दहा आठवडे, डॉक्टरकडे बारा. त्यापुढच्या बाईला छावणीतला दवाखाना परत पाठवतो. तीच बाहेर काहीतरी करून, रक्ताने भिजून आली, तर दाखल करून घेतो.