आपलं संत्रं ‘मँडरिन’, आपली मोसंबी ‘ऑरेंज’

भाचा शिकायला लंडनला गेला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. “मामा, दुकानातून ऑरेंज आणले. साल नखानं निघेच ना, सुरी घ्यावी लागली. अन् चव मोसंबीची!” पोरगा नागपूरजवळच्या काटोलला, संत्र्याच्या बागेत वाढलेला. त्याची जीभ चुकली नव्हती, शब्दानं घोळ केला होता.

तिकडे नुसतं ‘ऑरेंज’ म्हटलं की घट्ट सालीचं, हाताला जड लागणारं फळ मिळतं. शास्त्रात ते सायट्रस सायनेन्सिस, आणि आपली मोसंबी त्याच जातीची. सैल सालीचं, हातानं सोललं की फोडी सुट्या होणारं फळ ते ‘मँडरिन’, म्हणजे सायट्रस रेटिक्युलाटा. नागपुरी संत्रं हे मँडरिन. टँजरीन, क्लेमेंटाइन, सत्सुमा ही त्याचीच भावकी.

म्हणून काही संत्र्याला ऑरेंज म्हणणं चूक ठरत नाही. ‘मँडरिन ऑरेंज’ असंही इंग्रजीत म्हणतात, आणि 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही ‘नागपूर ऑरेंज’ याच नावानं. पण इथल्याच, नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे शोधनिबंध उघडा, तिथे ‘नागपूर मँडरिन’ दिसेल. परदेशी खरेदीदाराला पत्र लिहिताना मी तरी हाच शब्द वापरीन, नाहीतर त्याच्या डोळ्यांसमोर भलतंच फळ येईल.

खरी चूक मोसंबीच्या बाबतीत होते, आणि ती मला फार खटकते. नागपूरच्या बर्डी बाजारात कोणत्याही ज्यूस सेंटरचा फलक पाहा: मोसंबी म्हणजे ‘स्वीट लाइम’. शाळेच्या वह्यांतही तेच. ‘लाइम’ म्हणजे आपलं कागदी लिंबू. त्या नावानं मागवलेल्या ग्लासात पाहुणा लिंबाची चव शोधत बसतो. स्वीट लाइम नावाचं फळ आहे, पण ते वेगळं, गोडसर लिंबाचं. मोसंबीला ‘स्वीट ऑरेंज’ म्हणावं. 2016 साली जालन्याच्या मोसंबीला मानांकन मिळालं ते ‘जालना स्वीट ऑरेंज’ म्हणूनच.

गंमत म्हणजे ऑरेंज हा शब्द मुळात आपल्याकडचाच प्रवासी. संस्कृतातला ‘नारंग’ फारसीत गेला, तिथून अरबीत, मग युरोपात, आणि इंग्रजीत पोचेतो आरंभीचा ‘न’ गळून पडला. रंगाला ते नाव फळावरून मिळालं, जसं आपल्याकडे ‘नारिंगी’.

मराठीत हा घोळ कधी नव्हताच. कळमना बाजारात संत्र्याचा ढीग वेगळा, मोसंबीचा वेगळा; दोन फळं, दोन नावं.

भाचा आता ‘ईझी पीलर’ असं लिहिलेली जाळी उचलतो. तिकडच्या दुकानांत सैल सालीच्या साऱ्या फळांना हेच नाव चालतं. साल छान निघते म्हणतो, फोडी गोड असतात. फक्त सोलताना खोलीभर जो वास सुटायला हवा, तो आंबिया बहाराच्या, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या वेळी फुललेल्या, संत्र्याचा नसतो.