चेनसॉच्या साखळीला धार लावण्याचे बेंच ग्राइंडर

चेनसॉच्या साखळीतला एकेक दात पकडीत धरून पातळ शाणचाकाने ठरलेल्या कोनात घासणारे, टेबलावर किंवा भिंतीवर पक्के बसवायचे विजेचे यंत्र. वर्कशॉपमधल्या नेहमीच्या बेंच ग्राइंडरच्या कुळातले असले तरी त्याचे काम वेगळे आहे. नेहमीच्या ग्राइंडरला दोन बाजूंना जाड, सपाट चाके असतात आणि हत्यार हातात धरून त्यांवर टेकवतात. साखळीच्या ग्राइंडरमध्ये दात जागच्या जागी असतो. मोटर आणि चाक झुलत्या हातावर बसवलेले असतात; हात खाली ओढला की चाक दातावर उतरते. काही ठिकाणी नेहमीच्या ग्राइंडरवरच साखळी धरून धार लावायला बघतात. ते करू नये. रुंद चाक दातापुढच्या खाचेत शिरतच नाही, आणि साखळी चाकात ओढली गेली तर बोटेही तिच्यासोबत जातात.

या यंत्राचा खरा उपयोग बिघडलेली साखळी पुन्हा मापात आणण्यासाठी आहे. रोजची बारीक धार गोल कानशीने दोन-तीन हातांत परत येते, आणि साखळीचे आयुष्य वाढवायचे असेल तर रोज कानसच वापरावी. पण रस्त्याकडेच्या झाडात पाटी ठोकलेला जुना खिळा लागला, बुंधा कापताना साखळी मातीत गेली, किंवा वर्षभर वेगवेगळ्या हातांनी कानस मारून दातांचे कोन पांगले, की कानस पुरत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगतून वर सरकले. दोन्ही वेळी वाड्यांत आडव्या झालेल्या नारळी, पोफळी आणि आंबे चेनसॉने तोडून बाजूला करावे लागले. आडव्या पडलेल्या खोडाला वाळू-माती चिकटलेली असते आणि नारळाचे खोड मुळातच साखळीची धार लवकर खाते. अशा कामात दिवसातून अनेकदा साखळी बदलावी लागते, आणि उतरवलेल्या साखळ्यांचा ढीग संध्याकाळी ग्राइंडरसमोर येतो.

दात कसा कापतो

ग्राइंडर समजून घ्यायचा तर आधी दात समजून घ्यायला हवा. आजच्या साखळीचा पाया जोसेफ कॉक्स या अमेरिकी लाकूडतोड्याने घातला. 1946 मध्ये ओरेगन राज्यातल्या जंगलात एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी त्याने पाहिली. ती जबड्याने डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे लाकूड कातरत पुढे सरकत होती. त्यावरून त्याने आळीपाळीने डावा-उजवा वळलेला दात बनवला आणि 1947 मध्ये पोर्टलंडमध्ये साखळ्यांचा कारखाना सुरू केला. त्याआधीच्या साखळ्यांचे दात आडव्या करवतीसारखे ओरखडे काढणारे होते आणि त्यांना धार लावणे फार वेळखाऊ काम होते.

या दाताला वरची आडवी पात आणि बाजूची उभी पात असते. दोन्ही जिथे मिळतात तो कोपरा सगळ्यात आधी लाकडात शिरतो. दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो. दात किती खोल शिरणार हे तो ठरवतो, म्हणून त्याला खोलीमापक म्हणायचे. पातींच्या बाहेरच्या बाजूवर कठीण क्रोमचा अतिशय पातळ थर असतो. खरी धार म्हणजे या क्रोमची कड. आतले पोलाद तिला फक्त आधार देते. दगड लागल्यावर हा थर कोपऱ्यापासून मागे सोललेला दिसतो. जिथवर तो सोलला आहे तिथवर दात मागे घासला नाही, तर वरवर चकचकीत दिसणारी साखळीही दोन ओंडक्यांत बोथट होते. धार लावून आणलेली साखळी टिकत नाही, या तक्रारीचे कारण बहुतेकदा हेच असते. धार लावणाऱ्याने कोपरा भिंगाखाली पाहिलेला नसतो.

कोन

ग्राइंडरवर तीन कोन लावता येतात. पहिला वरच्या पातीचा, म्हणजे पकड डावी-उजवीकडे किती फिरवायची तो. बहुतेक साखळ्यांना तो 25 ते 35 अंशांमध्ये असतो, आणि 30 सर्वांत रूढ. ओंडका लांबीच्या दिशेने चिरून फळ्या काढायच्या असतील तर त्यासाठीच्या साखळीला हा कोन 10 अंशांच्या आसपास ठेवतात. दुसरा कोन चाकाच्या कलाचा, साधारण 55 ते 60 अंश. त्याने धारेची आतली बाजू किती तीक्ष्ण होणार हे ठरते. तिसरा पकडीच्या उताराचा. काही साखळ्यांना तो शून्य असतो, काहींना 10 अंश. हे आकडे साखळी बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्यावेत, अंदाजाने लावू नयेत. कोन वाढवला की मऊ लाकडात साखळी सुसाट जाते, पण कड पातळ झाल्याने बाभूळ, सुरू किंवा वाळलेल्या सागात लवकर मोडते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे व्यावसायिक तोडकामगार चौकोनी धारेची साखळीही वापरतात. तिच्यात गोल खाचेऐवजी दोन सपाट पृष्ठे कोपऱ्यात मिळतात. ती वेगाने कापते, पण धार लवकर जाते आणि तिला वेगळेच ग्राइंडर लागते. या नोंदीतले यंत्र त्या कामाचे नाही.

चाक

चाकाची जाडी साखळीच्या पिचवर ठरते. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे केले की पिच मिळतो. पाव इंच, 0.325 इंच आणि लहान करवतींवरची बुटक्या दाताची 3/8 इंच साखळी यांना 3.2 मिलिमीटरचे, म्हणजे एक सूत जाडीचे चाक चालते. पूर्ण उंचीच्या 3/8 आणि 0.404 इंच साखळ्यांना 4.8 मिलिमीटरचे, दीड सुताचे. खोलीमापक घासायला 6 किंवा 8 मिलिमीटरचे चाक वेगळे मिळते. चाकाची कड गोल असावी लागते, कारण दाताच्या पोटातली खाच तिच्याच आकाराची बनते. वापरता वापरता कड सपाट होते आणि छिद्रांत पोलादाचा व राळेचा कीस बसतो. असे चाक कापायचे सोडून नुसते घासते आणि तापते. म्हणून सोबत मिळणारी ड्रेसिंगची वीट अधूनमधून फिरत्या चाकावर टेकवून कड पुन्हा गोल आणि ताजी करायची. बरेच लोक ही वीट खोक्यातून बाहेरच काढत नाहीत, आणि जळलेल्या साखळ्यांचे मूळ अनेकदा तिथेच असते.

साधी चाके ॲल्युमिनियम ऑक्साइडची असतात. त्यांपेक्षा महाग चाके क्यूबिक बोरॉन नायट्राइडची, कारागीर ज्यांना सीबीएन म्हणतात. हा पदार्थ रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी 1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत प्रथम तयार केला. कठीणपणात तो हिऱ्याच्या खालोखाल येतो, पण पोलादासाठी हिऱ्यापेक्षा बरा, कारण उच्च तापमानाला हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळू लागतो. सीबीएनच्या चाकाला धातूचा गाभा असतो. त्याचा आकार बदलत नाही, ड्रेसिंग लागत नाही आणि कण तीक्ष्ण असल्याने दात कमी तापतो. आठवड्याला दोन-चारच साखळ्या असतील तर साधे चाक पुरते. दुकान चालवायचे असेल तर सीबीएनचा खर्च वसूल होतो. कार्बाइडचे दात असलेल्या साखळीला मात्र हिऱ्याचेच चाक लागते.

एक दात घासताना

साखळी आधी रॉकेलने धुवून कोरडी करतात, नाहीतर तेलकट भुसा चाकात भरतो. मग सगळे दात व्हर्नियरने मोजून सर्वांत आखूड दात शोधतात आणि त्यावर मार्करची खूण करतात. बाकीचे दात त्याच्या मापाला आणायचे असतात. चाक फिरत नसताना ते दातावर उतरवून खोली ठरवायची: चाकाने खाच साफ करावी, पण खालच्या जोडपट्टीला शिवू नये. पट्टीवर घळ पडली की साखळी तिथून तुटू शकते.

मग मोटर सुरू करून चाक दातावर टेकवायचे आणि लगेच उचलायचे. टेकवणे, उचलणे, पुन्हा टेकवणे. ठिणग्यांचा छोटा फवारा उडतो आणि क्षणात थांबतो. चाक दाबून धरले तर डोळ्यांदेखत धारेची कड आधी गवती पिवळी आणि मग निळी होते. पिवळा रंग साधारण सव्वादोनशे अंश सेल्सिअसला येतो आणि निळा तीनशेच्या आसपास. निळी झालेली कड म्हणजे पोलादाचे पाणी उतरले. ती कड आता धार धरणार नाही. याच्या उलट प्रकारही घडतो. पृष्ठभाग फारच तापला आणि दाताच्या थंड अंगाने ती उष्णता झटकन ओढून घेतली, तर तिथे काचेसारखा कठीण, ठिसूळ थर तयार होतो. अशा दातावर पुढे कानस फिरवली की ती न कापता नुसती घसरते आणि कानशीचेच दात जातात. जळालेला भाग पुरता काढून टाकण्याखेरीज त्यावर इलाज नाही. खोल नुकसान असेल तर एका फेरीत थोडेच घासून पुढच्या दाताकडे जावे आणि साखळीचा फेरा झाल्यावर थंड दातावर परत यावे.

एका बाजूचे सगळे दात झाले की पकड दुसरीकडे फिरवून उरलेले घ्यायचे. इथे नवखा माणूस फसतो. पकड फिरवल्यावर दात चाकाच्या अगदी त्याच अंतरावर येतोच असे नाही, त्यामुळे डावे दात उजव्यांपेक्षा आखूड निघतात. फरक मोठा झाला की करवत लाकडात सरळ जात नाही, एका अंगाला वळत जाते. दुसऱ्या बाजूचा पहिला दात घासताच व्हर्नियर लावावा आणि दात अडवणारा खटका त्याप्रमाणे पुढेमागे करावा.

काम संपल्यावर साखळी हवेने झाडून तेलात बुडवून ठेवतात. रिव्हेटांच्या सांध्यांत बसलेली चाकाची पूड तशीच राहिली तर ती सांधे आणि साखळी जिच्यावर फिरते ती करवतीची पट्टी दोन्ही झिजवते.

खोलीमापक

दाताची वरची पात मागे उतरती असते, म्हणून दात मागे घासत गेलो की त्याची उंचीही कमी होते. खोलीमापक मात्र तसाच उंच राहतो, आणि धार उत्तम असूनही साखळी नुसता भुगा काढते. तीन-चार धारांनंतर मापपट्टी ठेवून फरक पाहावा. बहुतेक साखळ्यांना तो 0.65 मिलिमीटर हवा. खोलीमापक ग्राइंडरवरही घासता येतो, पण हे काम चपट्या कानशीने करणे जास्त चांगले, कारण कानशीच्या एका हाताला किती निघते ते कळते. जास्त उतरवला तर दात लाकडात अधाशासारखा शिरतो आणि करवत उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येण्याचा धोका वाढतो. उतरवल्यावर त्याची पुढची कड गोल करायला विसरू नये.

निवड

ग्राइंडर घेताना लोक मोटरीचे वॅट पाहतात. दात घासायला फार ताकद लागत नाही. दोन-तीनशे वॅट भरपूर झाले. पाहायचा तो यंत्राचा घट्टपणा. वीज बंद ठेवून मोटरीचा हात धरावा आणि आडवा हलवून बघावा. सांध्यात खेळ जाणवला तर अंशांच्या खुणा कितीही सुबक कोरलेल्या असोत, त्यांना अर्थ उरत नाही. मग पकडीत साखळीचा तुकडा धरून दात बोटाने दाबावा. तो कलंडता कामा नये. स्वस्त प्लॅस्टिकच्या अंगाच्या यंत्रांना 100 मिलिमीटरच्या आसपासचे चाक असते आणि या दोन्ही चाचण्यांत ती बहुधा कमी पडतात. घरच्या एका करवतीसाठी ती सांभाळून वापरता येतात, पण त्यापेक्षा चांगल्या कानशी घेणे शहाणपणाचे. व्यावसायिक यंत्रांत 145 मिलिमीटर व्यासाचे आणि 22.2 मिलिमीटर भोकाचे चाक सर्वत्र चालते, त्यामुळे वेगवेगळ्या बनावटीची चाके बसतात. चाक कुठे मिळणार याची चौकशी यंत्र घेण्याआधी करावी.

हात खाली आला की पकड आपोआप आवळणारी मॉडेलेही असतात. दिवसाला वीस-तीस साखळ्या असतील तर मनगट वाचते. स्वीडनमध्ये फ्रान्झेन आणि मार्कुसन या कंपन्यांनी साखळी स्वतःच पुढे सरकवणारी स्वयंचलित यंत्रेही बनवली आहेत, पण ती मोठ्या दुकानांच्या कामाची.

परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकेतले ग्राइंडर 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर चालते. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, हर्ट्झ मात्र 50 च राहतात. इंडक्शन मोटर त्यामुळे सहापैकी पाच भाग वेगानेच फिरते आणि जास्त तापते. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचेच मॉडेल घ्यावे.

सुरक्षितता

चाक बसवण्याआधी भोकातून अडकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. साध्या चाकाचा आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आला तर आत तडा आहे, ते फेकून द्यावे. चाकावर छापलेला कमाल वेग मोटरीच्या वेगापेक्षा जास्त असल्याची खात्री करावी. नवे चाक मिनिटभर रिकामे फिरू द्यावे आणि त्या वेळी त्याच्या रेषेत उभे राहू नये. गॉगल आणि मास्क प्रत्येक वेळी लावावा, एकच दात घासायचा असला तरीही. आच्छादन काढून यंत्र चालवू नये.

दात संपतो तेव्हा

बहुतेक साखळ्यांच्या वरच्या पातीवर मागच्या टोकाजवळ एक तिरकी रेघ कोरलेली असते. तिचा तिरकेपणा म्हणजे त्या साखळीचा मूळ कोन, म्हणून तक्ता हाताशी नसला तरी ती पाहून पकड लावता येते. धार मागे सरकत या रेघेपर्यंत पोचली की साखळी बदलायची. त्यापुढे दात तुटून उडण्याची भीती असते. रेघ नसेल तर वरची पात 4 मिलिमीटर उरली की थांबावे. खिळ्याने एखादाच दात फार खाल्ला असेल, तर त्याच्यासाठी सगळी साखळी आखूड करण्यापेक्षा तो दात आखूड ठेवून बाकीचे नेहमीच्या मापात घासलेले चालतात. फक्त त्याचा खोलीमापक त्याच्या उंचीप्रमाणे उतरवावा लागतो.