बाखचा शाकोन: वादकांच्या मतभेदांमागची पार्श्वभूमी

योहान सेबास्टियन बाखच्या डी मायनर पार्टिटाचा (नाचांवर बेतलेल्या तुकड्यांच्या मालिकेचा) शेवटचा भाग म्हणजे शाकोन. तो कुणी कसा वाजवला यावर व्हायोलिन ऐकणाऱ्यांचे वाद रंगतात तेव्हा तीन गोष्टी हमखास निघतात: लय, तीन-चार तारांवरचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) आणि मधला आर्पेज्जो (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणे). या फरकांचे कारण बहुधा वादकाच्या स्वभावात शोधले जाते. माझ्या मते त्यातला निम्मा भाग तरी एकोणिसाव्या शतकातल्या छापील प्रतींमधून आणि विसाव्या शतकातल्या एका फसलेल्या सिद्धांतातून आला आहे. खाली वादकांची आणि अभ्यासकांची नावे मुद्दाम टाळली आहेत. नाव दिसले की वाचणारा लगेच बाजू घेऊन बसतो. ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच.

मूळ हस्तलिखितावर 1720 हे साल आहे. बाख तेव्हा कोथेनच्या दरबारात होता. तीन सोनाटा आणि तीन पार्टिटा, सगळे एकट्या व्हायोलिनसाठी, असा हा संच. शाकोनची घडण बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात: तबल्याच्या सोलोमागे लेहरा फिरतो तसा इथे चार बारांचा (बार म्हणजे तालाचे एक छोटे आवर्तन) आधार अडीचशेहून अधिक बार फिरत राहतो, पण लेहरा धरणारा आणि सोलो वाजवणारा एकच, आणि आधारही वाटेत रूप पालटतो. लय किती ठेवायची हे बाखने लिहिलेले नाही. मोठ्याने-हळू अशा खुणाही नाहीत. 89व्या बारपासून पुढे बत्तीस बार त्याने कॉर्ड उभे मांडले आणि ‘आर्पेज्जो’ एवढेच लिहून पुढचे वादकावर सोपवले. शेवटाकडे 201व्या बारपाशी पुन्हा तेच.

हाताने उतरवलेल्या नकलांचा इतिहास गमतीचा आहे. 1726 सालच्या एका नकलेत शाकोन चक्क कापून आखूड केलेला आहे. दुसरी एक नक्कल 1814 मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये लोण्याच्या दुकानात जायच्या रद्दीत सापडली, आणि काही काळ ती बाखच्याच हातची समजली गेली. संपूर्ण संच पहिल्यांदा छापला गेला तो 1802 मध्ये, बॉनला. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ हे संगीत मैफलीचे मानले जात नव्हते. हात तयार करायचा रियाज, एवढीच त्याची ओळख.

मैफलीत शाकोन आला तो 1840 मध्ये, लाइपझिगच्या गेवांडहाउस या सभागृहात, आणि एकटा आला नाही. पियानोवर साथीला संगीतकार मेंडेल्सझोन होता. एकट्या व्हायोलिनवर इतका वेळ श्रोते बसणार नाहीत, किंवा आतली स्वरसंगती त्यांना कळणार नाही, असा तेव्हाचा समज. त्या वेळी व्हायोलिन वाजवणाऱ्यानेच 1843 मध्ये संपूर्ण संचाची शिकवण्याजोगी आवृत्ती काढली. वर त्याची बोटे आणि गजाच्या खुणा, खाली मूळ पाठ. मेंडेल्सझोनची साथ पुढे छापली गेली. 1850च्या दशकात शूमानने तर सहाही रचनांना पियानोची साथ लिहिली. आज याला कुणी हसते, पण 1770च्या दशकात बाखच्याच एका शिष्याने नोंदवले आहे की बाख स्वतः या रचना क्लॅव्हिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यावर वाजवी आणि लागेल तेवढी स्वरसंगती भरी. तेव्हा साथ जोडणे हा अगदीच अडाणीपणा नव्हता.

ती साथ काढून टाकण्याचे श्रेय मुख्यतः संगीतकार ब्राम्सच्या मित्राला, हंगेरीत जन्मून बर्लिनमध्ये स्थिरावलेल्या वादकाला जाते. शाकोन एकट्याने, मध्यवर्ती रचना म्हणून वाजवायचा, हा पायंडा त्याने पक्का केला. ब्राम्सने 1877 मध्ये पियानोच्या फक्त डाव्या हातासाठी शाकोनचे रूपांतर केले त्यामागेही हीच ओढ दिसते: एका हाताला जेवढे कष्ट पडतील तेवढेच व्हायोलिनवाल्याला पडतात. या वादकाने 1903 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, पाच ध्वनिमुद्रणे केली. त्यांत बाखचे दोन भाग आहेत, शाकोन नाही. व्हायब्रेटो (सुराचे कंपन) जवळजवळ नाही, लय सैल, कॉर्ड झटकन मोडलेले, म्हणजे सूर एकामागोमाग काढलेले. शाकोन त्या आवाजात मिळाला असता तर नंतरचे कितीतरी वाद झालेच नसते. 1907 मध्ये तो वारला आणि 1908 मध्ये त्याची आवृत्ती आली, मूळ हस्तलिखित समोर ठेवून केलेली. तीत आर्पेज्जोचा साचा संपूर्ण लिहून दिलेला होता. बाखने मोकळे सोडलेले बत्तीस बार इथे बंद झाले. पुढच्या दोन पिढ्यांतल्या विद्यार्थ्यांनी तोच साचा, नाहीतर त्याचा जवळचा भाऊबंद गिरवला, आणि अनेकांना तो बाखचाच वाटत राहिला.

आता त्या सिद्धांताकडे येतो, कारण कॉर्डविषयीचे सगळे गैरसमज तिथे एकत्र येतात.

व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, वरून गोलाकार असते. गज एका वेळी दोन तारा धरू शकतो. जोर दिला तर क्षणभर तीन. चार तारा एकदम धरून ठेवता येत नाहीत. बाखने मात्र चार स्वरांचे कॉर्ड लिहिले, आणि कागदावर ते लांब लांब ठेवले. मग ते वाजायचे कसे? 1904-05च्या सुमारास जर्मन अभ्यासकांमध्ये एक उत्तर पुढे आले: बाखच्या काळी जर्मनीत गजाची काठी धनुष्यासारखी बाहेर वळलेली असे, गजाचे केस सैल असत, आणि वादक अंगठ्याने ताण कमी-जास्त करी. ताण सोडला की केस चारही तारांना कवटाळणार. आवळला की एका तारेवर सूर. जुन्या फ्रेंच पद्धतीत अंगठा केसांवर टेकत असे, हा या मांडणीचा एक आधार.

हे मत जगभर पोहोचवले ते एका ऑर्गनवादकाने. तो धर्मशास्त्राचा पंडित होता, पुढे डॉक्टर होऊन आफ्रिकेत रुग्णालय चालवू लागला आणि त्याला शांततेचे नोबेल मिळाले. 1905 मध्ये बाखवरच्या आपल्या ग्रंथात त्याने हा गज उचलून धरला, आणि तीसेक वर्षांनी स्वतंत्र लेख लिहून पुन्हा मांडला. इतक्या थोर माणसाचे म्हणणे खोडायला कोण पुढे येणार? ऑर्गनवर बोट दाबून ठेवले की सूर टिकतो, चारही सूर एकदम टिकतात. त्या कानाला व्हायोलिनवरचा मोडलेला कॉर्ड अपुरा वाटला यात नवल नाही. पण स्वतःच्या वाद्याची सवय त्याने दुसऱ्या वाद्याच्या इतिहासावर लादली, असे मला वाटते.

मग तसे गज बनवलेही गेले. सर्वांत गाजला तो डेन्मार्कचा, अंगठ्याने चालणाऱ्या खटक्याचा. 1954 मध्ये हंगेरियन वंशाच्या एका वादकाने त्या गजाने संपूर्ण संच मुद्रित केला. तो आजही ऐकायला मिळतो आणि एकदा ऐकावाच. चार सूर खरोखर एकदम वाजतात. शाकोनचा आरंभ हार्मोनियमसारखा ऐकू येतो. व्हायोलिनच्या आवाजातला दाणा, एका तारेवरून दुसरीवर जाताना होणारा तो घासता उच्चार, नाहीसा होतो. कॉर्ड मोडताना जो ताण तयार होतो आणि सुटतो, तोच जातो.

इतिहास म्हणून सिद्धांत टिकला नाही. त्या काळचे जे गज शिल्लक आहेत आणि चित्रांत जे दिसतात त्यांची काठी जवळपास सरळ किंवा किंचित बाहेर झुकलेली आहे. केस सैल नाहीत. शिवाय बर्लिनच्या दरबारातल्या एका बासरीवादकाच्या 1752 सालच्या ग्रंथात स्पष्ट आहे की कॉर्डमधले खालचे सूर धरून ठेवायचे नाहीत, एकामागोमाग पटकन स्पर्शून वर जायचे, लय संथ असो वा द्रुत. म्हणजे लांब लिहिलेला सूर हा आतला प्रवाह दाखवण्यासाठी, प्रत्यक्ष तेवढा ताणण्यासाठी नव्हे. 1950 आणि 60च्या दशकांत अमेरिकेतल्या एका अभ्यासकाने हे पुरावे नीट मांडले आणि विद्यापीठांत प्रश्न मिटला. वाकड्या गजाचे चाहते मात्र उरले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका जर्मन वादकाने तसा संपूर्ण संच पुन्हा काढला.

माझे म्हणणे असे की हा गज ज्यांनी कधी हातात धरला नाही त्यांच्याही वादनावर त्या कल्पनेची सावली पडली. 1950 ते 70 दरम्यानच्या नामांकित ध्वनिमुद्रणांमध्ये कॉर्ड दोन-दोन तारांत तोडून वरची जोडी लिहिलेल्या पूर्ण वेळापर्यंत ओढून धरलेली असते, किंवा तीन तारा जोराने एकदम दाबलेल्या. ‘सगळे सूर टिकले पाहिजेत’ हा आग्रह त्यामागे ऐकू येतो. त्यांपैकी काही मुद्रणे मला अतिशय प्रिय आहेत, हेही सांगून टाकतो. विशेषतः पॅरिसमध्ये स्थायिक रोमानियन वादकाने म्हातारपणी, हात थकलेला असताना केलेले मुद्रण: सूर जागोजाग ढळतात, पण वाक्य कुठे संपते ते त्याच्याइतके कुणी सांगितलेले नाही. त्याच्याच अमेरिकन शिष्याने 1934-36 मध्ये पहिला संपूर्ण संच मुद्रित केला होता. तोच पुढे 1952 मध्ये भारतात आला आणि इथल्या रागसंगीताशी जोडला गेला. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू चारेक मिनिटांची, त्यामुळे शाकोन चार बाजूंवर वाटला जाई. ऐकणाऱ्याला उठून तबकडी उलटावी लागे. तेव्हाच्या श्रोत्याला शाकोन एकसलग ऐकायला मैफलच गाठावी लागे, ही गोष्ट तुलना करताना सहज विसरली जाते.

1950 मध्ये हस्तलिखिताची छायाप्रत छापून आली आणि संपादकाच्या मध्यस्थीशिवाय बाखचे अक्षर वादकांच्या हाती आले. बाखच्या गजाच्या खुणा किती वेगळ्या आहेत हे तेव्हा सर्वसामान्य विद्यार्थ्याला कळले. खरा पालट मात्र 1977 नंतरचा. त्या वर्षी बरोक (बाखच्या काळच्या घडणीचा) गज आणि आतड्याच्या तारा लावून केलेला संपूर्ण संच अमेरिकेत निघाला. 1980च्या दशकात नेदरलँड्स-बेल्जियमकडच्या वादकांनी ती वाट रुळवली. सूर अर्ध्या पट्टीने खाली, गज आखूड आणि हलका, टोकाकडे आवाज आपोआप विरणारा. शाकोन दुसऱ्या मात्रेवर सुरू होतो. ती मात्रा नाचाची आहे हे या वादनांत पायाला जाणवते. लय चढली, वेळ आटला. पूर्वी पंधरा-सोळा मिनिटे घेणारा शाकोन बारा-तेरावर येऊ लागला. या मंडळींना ‘अस्सल’ म्हणण्याची जी पद्धत पडली ती मला पटत नाही, कारण लयीबद्दल त्यांच्याकडेही बाखचा शब्द नाही. कॉर्डच्या बाबतीत मात्र त्यांची बाजू भक्कम आहे.

याच्या उलट ओढ लावली ती 1994च्या सुमारास आलेल्या एका जर्मन अभ्यासिकेच्या मांडणीने. बाख राजपुत्राबरोबर कार्ल्सबादला गेला असताना, जुलै 1720 मध्ये, त्याची पहिली पत्नी वारली आणि पुरलीही गेली. परतल्यावरच त्याला कळले. शाकोन ही तिची समाधी, आणि आत मृत्यू-पुनरुत्थानाच्या प्रार्थनागीतांच्या ओळी लपलेल्या आहेत, असा तिचा दावा. 2001 मध्ये चार गायक आणि एक व्हायोलिन अशी तबकडी निघून तो दावा घरोघर गेला. पुरावा तोकडा आहे. हस्तलिखितावर फक्त साल आहे, महिना नाही, आणि तीही नीट उतरवलेली स्वच्छ प्रत. रचना आधीची असू शकते. तरी गोष्ट इतकी हृदयद्रावक की ती वाचलेला वादक पहिला कॉर्ड पूर्वीसारखा वाजवू शकत नाही. गेल्या वीसेक वर्षांत पुन्हा लांबलेले, थांबत थांबत जाणारे जे शाकोन ऐकू येतात त्यांच्या पुस्तिकांत ही कथा वारंवार भेटते.

आर्पेज्जोचा प्रश्न मात्र आता मोकळा झाला आहे. तरुण वादक त्या बत्तीस बारांत दर काही बारांनी साचा बदलतात, कुणी खालच्या सुरापासून वर जातो, कुणी उलटा येतो, कुणी शेवटचे आठ बार तुटक गजाने काढतो. तुलना करायला बसणाऱ्याने सुरुवातीचा कॉर्ड सोडून थेट 89वा बार लावावा. 1908च्या आवृत्तीवर वाढलेला कोण आणि छायाप्रत वाचून आलेला कोण, ते तिथे अर्ध्या मिनिटात कळते.