‘फॉरबिड’च्या पोटातलं ‘नको’

पुण्यात पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि पेठांमधल्या घराघरांत पोरांना एकच वाक्य ऐकू येतं: पुलाकडे जाऊ नको. हेच वाक्य इंग्रजीत करायला दिलं तेव्हा शिकवणीतल्या दहावीच्या एका मुलीने लिहिलं, ‘माय मदर फॉरबेड मी नॉट टू गो टू द ब्रिज.’ अर्थ नेमका उलटा झाला. आईने न जाण्यालाच मनाई केली, म्हणजे पुलाकडे जायलाच लावलं!

दरवर्षी कुणीतरी ही चूक करतंच, आणि ती आळसातून होत नाही. ती मराठीतून येते. आपण म्हणतो, ‘जाऊ नको म्हणून बजावलं होतं ना?’ यात नकार ‘नको’मध्ये आहे, ‘बजावणे’त नाही. ‘ये म्हणून’सुद्धा बजावता येतं. इंग्रजी ‘फॉरबिड’ने मात्र ते ‘नको’ गिळून टाकलेलं असतं. म्हणून त्याच्या पुढे ‘टू गो’ एवढंच पुरतं.

हे गिळणं फार जुनं आहे. जुन्या इंग्रजीत ‘बेओदन’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ कळवणं, पुढे करणं, हुकूम देणं. त्याच्या सुरुवातीला ‘फॉर’ चिकटला. हा ‘साठी’ अर्थाचा ‘फॉर’ नव्हे. दूर, विरुद्ध असा अर्थ देणारा तो जुना उपसर्ग आहे आणि ‘फॉरगेट’मध्येही तोच बसलाय. ‘अमुक करू नका’ असा हुकूम, म्हणजे ‘फॉरबिड’. जर्मन ‘फेरबीटेन’ त्याचंच सख्खं भावंड. आणखी मागे गेलं की भाषाशास्त्रज्ञ ज्या धातूपाशी पोचतात, त्याची संस्कृतातली शाखा म्हणजे ‘बुध्’: बोध, बुद्धी, बुद्ध. जागं असणं, जाणणं, आणि पुढे दुसऱ्याला जाणीव करून देणं. वर्गात हे सांगितलं की मुलं वहीतून मान वर काढतात. मलाही ते पहिल्यांदा वाचताना असंच झालं होतं.

‘बॅन’ची कथा तर थेट आपल्या ओट्यावर येते. या शब्दाचा मूळ अर्थ मनाई नव्हताच. चारचौघांत मोठ्याने जाहीर करणं, पुकारा करून माणसं बोलावणं, हा तो अर्थ. आपल्याकडची दवंडीच म्हणा. चर्चमध्ये लग्नाआधी वधूवरांची नावं जाहीर वाचतात, त्याला अजूनही ‘बॅन्स’ म्हणतात आणि तिथे बंदीचा मागमूस नाही. पुकाऱ्याचा पुढे शाप झाला, मनाई झाली. त्याच्या मुळाशी ‘बोलणे’ अर्थाचा धातू आहे. संस्कृतात तो ‘भण्’ म्हणून दिसतो, आणि ‘भणति’वरून प्राकृतातून आलेलं आपलं क्रियापद म्हणजे ‘म्हणणे’. आईच्या ‘जाऊ नको म्हणून’मधलं ‘म्हणून’ हे ‘बॅन’चं दूरचं नातेवाईक आहे.

‘बॅन’ आणि ‘बंदी’ एकच असावेत असं कानाला वाटतं, पण तसं नाही. ‘बंदी’ फारसीतून आली. तिच्या मुळाशी बांधणं आहे आणि तिचं इंग्रजी नातं ‘बाइंड’शी आहे. मराठीने मात्र तिला घरची करून घेतली: दारूबंदी, जमावबंदी, नसबंदी, गावरानात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. पोलिसांचं कलम १४४ जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं, तरी लोकांच्या तोंडी जमावबंदीच राहिली.

‘प्रोहिबिट’ हा लॅटिन मुळाचा कचेरीतला शब्द. ‘पुढे धरणं’, म्हणजे अडवणं. तो नियमांत आणि कायद्यांत शोभतो, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या इंग्रजी नावात आहे तसा. रचनाही वेगळी: ‘फॉरबिड’पुढे ‘टू गो’, ‘प्रोहिबिट’पुढे ‘फ्रॉम गोइंग’. आई ‘प्रोहिबिट’ करत नाही, ती ‘फॉरबिड’ करते. ‘गॉड फॉरबिड’ला आपलं ‘देव न करो’ चपखल बसतं.

मराठीत या अर्थाचं रोजच्या वापरातलं एकच सुटसुटीत क्रियापद सापडत नाही. आपण मनाई करतो, बंदी घालतो, मज्जाव करतो. ‘मनाई’ मुळात अरबी. वाड्याच्या दिंडीवर ‘आत येण्यास सक्त मनाई आहे’ हे तिच्याशिवाय लिहिताच येणार नाही. संस्कृत ‘निषेध’ आपल्याकडे होता, ‘विधिनिषेध’मध्ये तो अजून जुन्या अर्थाने टिकून आहे. पण एकटा ‘निषेध’ मराठीत वेगळ्याच वाटेने गेला. रेल्वेची हिंदी पाटी ‘प्रवेश निषेध’ म्हणते ती आत येऊ नका या अर्थाने. पुण्यात ‘निषेध’ म्हटलं की दंडाला काळी फीत बांधलेली, घोषणा देणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. मनाई करणाऱ्यांचा शब्द मनाईविरुद्ध उभं राहणाऱ्यांच्या हाती गेला.

त्या मुलीने वाक्य दुरुस्त केलं. ‘नॉट’वर काट मारली आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं: नको आत आहे.