सोलापुरातून नर्स ॲनेस्थेटिस्ट व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि आधी काय, नंतर काय

आयसीयूत पाच-सात वर्षं काढलेल्या सिस्टरला व्हेंटिलेटर, आर्टिरियल लाइन, नॉरॲड्रेनालिनचं इन्फ्युजन हे सगळं हाताखालचं झालेलं असतं. अशा सिस्टरनं अमेरिकेतल्या सीआरएनए, म्हणजे सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स ॲनेस्थेटिस्ट (भूल देणारी नर्स) या पदाबद्दल ऐकलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : अनुभव भरपूर आहे, मग थेट अर्ज करता येईल ना?

नाही येत. तिथल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था सीओए या नावानं ओळखली जाते. तिच्या निकषानुसार प्रवेशासाठी क्रिटिकल केअरमध्ये रजिस्टर्ड नर्स म्हणून किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आणि तो अमेरिकेत, तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशांत किंवा अमेरिकी लष्कराच्या परदेशातल्या रुग्णालयात घेतलेला असावा लागतो. सोलापूरच्या सिव्हिलमधली किंवा एखाद्या खासगी रुग्णालयातली वर्षं तिथं नोकरी मिळवायला उपयोगी पडतात, पण प्रवेशाच्या पात्रतेत धरली जात नाहीत. म्हणून कुणी एजंट 'इथूनच थेट सीआरएनए ॲडमिशन' असं सांगत असेल, तर पैसे भरण्याआधी त्याला हा एक नियम विचारा.

इथल्या इथे हे पद का नाही, असंही विचारलं जातं. भारतात भूल देणं हे डॉक्टरचं काम आहे : एमडी, डीएनबी किंवा डीए झालेल्या भूलतज्ज्ञांचं. ग्रामीण भागात भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून सरकारनं जीवरक्षक भूल कौशल्यांचं प्रशिक्षण काढलं, तेव्हा तेही एमबीबीएस डॉक्टरांनाच दिलं, नर्सेसना नाही. बीएस्सी ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजी हा तंत्रज्ञाचा वेगळा कोर्स आहे. तो करून सीआरएनएच्या वाटेवर एक पाऊलही पुढे पडत नाही.

शिक्षण किती लागतं?

बीएस्सी नर्सिंगची चार वर्षांची पदवी पुरते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्यांनी आधी पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन वर्षं करावीत, कारण पदवीशिवाय अर्जच उघडत नाही. एमएस्सी लागते हा समज मात्र चुकीचा आहे. १ जानेवारी २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला तिथं डॉक्टरेटच्याच अभ्यासक्रमात दाखल व्हावं लागतं, डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस) किंवा डीएनएपी (डॉक्टर ऑफ नर्स ॲनेस्थेशिया प्रॅक्टिस). पदवीनंतर त्यात थेट जाता येतं आणि कालावधी किमान ३६ महिन्यांचा असतो. तेव्हा केवळ यासाठी इथं एमएस्सीला दोन वर्षं घालवू नका. शिकवण्याची आवड असेल तर गोष्ट वेगळी.

पहिला टप्पा : तिथलं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स

अमेरिकेत लायसन्स राज्यागणिक मिळतं, म्हणून आधी राज्य निवडायचं. त्या राज्याचं नर्सिंग बोर्ड तुमच्या शिक्षणाचं मूल्यांकन मागतं. हे काम बहुधा सीजीएफएनएस ही संस्था करते, जिचं नाव आता ट्रूमेरिट झालं आहे. मंजुरी मिळाली की एनसीएलईएक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा. संगणकावरची ही परीक्षा उत्तरांनुसार पुढे सरकते, ८५ ते १५० प्रश्न, जास्तीत जास्त पाच तास. आपल्याला मुंबई आणि हैदराबाद ही केंद्रं सोयीची. मुंबई घेतलीत तर आदल्या दिवशीच जा. सकाळची वंदे भारत दुपारी पोहोचते.

खरी दमछाक कागदांत होते, आणि ती इंग्रजीमुळे नाही, नावामुळे होते. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर आधार बदललं, पासपोर्ट नव्या नावानं निघाला, पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावावरच राहिलं, असं घरोघरी दिसतं. मूल्यांकन करणाऱ्याच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. म्हणून आधी एकच नाव ठरवा आणि ते पासपोर्टप्रमाणे ठेवा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढा, गरज असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, आणि मगच परिषदेकडे दुरुस्ती मागा. पासपोर्टसाठी पुण्याला जायची गरज नाही, सोलापुरात पोस्टातलं सेवा केंद्र आहे.

बाकी कागद असे : दहावी-बारावीच्या मार्कशीट, नर्सिंगच्या सर्व वर्षांच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, परिषदेचं चालू रजिस्ट्रेशन. याशिवाय दोन गोष्टी तुमच्या हातून जात नाहीत. एक म्हणजे ट्रान्सक्रिप्ट : विषयवार थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास, कॉलेजच्या किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या सहीशिक्क्यानं. दुसरं, परिषदेचं लायसन्स व्हेरिफिकेशन. दोन्ही संबंधित कार्यालयानं परस्पर पाठवायची असतात. तुम्ही पाठवलेली प्रत, कितीही खरी असो, चालत नाही. कॉलेजच्या ऑफिसात अर्ज देऊन पोच घ्या आणि पाठपुरावा चालू ठेवा. रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी करा, नाहीतर व्हेरिफिकेशनवर 'मुदत संपली' असं लिहून जाईल.

दुसरा टप्पा : व्हिसा आणि तिथली आयसीयू

नोकरीसाठी व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र लागतं. त्यात शिक्षण, लायसन्स आणि इंग्रजीची परीक्षा तपासतात. नर्सेस ईबी-३ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या गटातून जातात. त्यांना वेगळं लेबर सर्टिफिकेशन (तिथल्या कामगार खात्याची मंजुरी) लागत नाही, ही सवलत खरी आहे; पण भारतात जन्मलेल्यांची या गटातली रांग दहा वर्षांहून लांब आहे. वय चाळिशीकडे झुकलेलं असेल तर हा हिशेब घरात बसून, मोकळेपणानं करावा. नवऱ्याच्या एच-वन-बीमुळे एच-फोरवर जाणाऱ्यांनाही लगेच नोकरी करता येत नाही, वर्क परमिट मिळेपर्यंत थांबावं लागतं.

तिथं पोहोचल्यावर पोस्टिंग बघून घ्या. सर्जिकल, मेडिकल, कार्डिओथोरॅसिक, कोरोनरी, लहान मुलांची आणि नवजात शिशूंची आयसीयू ही चालणाऱ्या अनुभवाची उदाहरणं सीओएनं दिलेली आहेत. वॉर्डातला अनुभव यात बसत नाही.

तिसरा टप्पा : प्रवेशअर्ज

अनेक विद्यापीठं नर्सिंगकॅस या एकाच पोर्टलवरून अर्ज घेतात. सोबत भारतीय पदवीचं विषयवार मूल्यांकन, बीएलएस, एसीएलएस आणि बहुतेक ठिकाणी पीएएलएस ही जीवरक्षक उपचारांची प्रमाणपत्रं, आयसीयूच्या मॅनेजरचं शिफारसपत्र, एखाद्या सीआरएनएबरोबर ओटीत थांबून काम पाहिल्याची नोंद. सीसीआरएन हे क्रिटिकल केअर नर्सिंगचं प्रमाणपत्र काही ठिकाणी सक्तीचं, काही ठिकाणी जमेची बाजू. जीपीए, म्हणजे पदवीच्या गुणांची सरासरी, ४ पैकी साधारण ३.० च्या वर मागतात. मग मुलाखत, आणि तिथं पाठांतर चालत नाही : तुम्ही रोज लावता त्या औषधाचं शरीरात नेमकं काय होतं, हे विचारतात.

शिकताना किमान ६०० केसेस आणि २,००० क्लिनिकल तास पूर्ण करावे लागतात. शेवटी एनबीसीआरएनए या संस्थेची राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा, आणि मग राज्याचा परवाना. फी बहुतेक ठिकाणी एक लाख डॉलरच्या वर जाते, आणि त्या तीन वर्षांत नोकरी करू नका असंच सांगतात. म्हणजे आरएनच्या पगारातून आधी गंगाजळी हवी.

ही सगळी वाट नको असेल आणि आयसीयूतच पुढे जायचं असेल, तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी कोर्स पाहा. बीएस्सीला किमान ५५ टक्के, नोंदणी आणि एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव हवा, शक्यतो क्रिटिकल केअरमधला. भूल देण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. सोलापूरच्या आयसीयूतला अनुभव मात्र इथं पूर्ण मोजला जातो.