चहाच्या कागदी कपात आतून काय असते?

नागपुरातल्या सीताबर्डीच्या टपरीवरचा कागदी कप घरी आणून तासभर पाण्यात भिजवावा आणि आतली बाजू नखाने सोलावी. कागदाचा लगदा सुटतो आणि हातात पातळ, पारदर्शक पापुद्रा उरतो. तो बहुधा पॉलिथिनचा असतो. त्याच्यावाचून कागदात चहा टिकणार नाही. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० साली अशा कपांत ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटे ठेवले, तेव्हा त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण उतरलेले आढळले. गप्पांत चहा संपवायला एवढा वेळ सहज जातो. गरम, तेलकट तर्री प्लास्टिकच्या पन्नीत बांधून नेणे तर मला अधिकच काळजीचे वाटते, कारण प्लास्टिकमधील काही पूरक रसायने तेलात अधिक सहज विरघळतात.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. २००४ साली ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या शोधनिबंधामुळे हा प्रश्न जगापुढे ठळकपणे आला. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेत बाटलीबंद पाण्याच्या लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार कण मोजले गेले आणि त्यांतले सुमारे ९० टक्के नॅनो आकाराचे, म्हणजे त्याहूनही कितीतरी सूक्ष्म होते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि तेव्हा लग्नमंडपाबाहेर पाण्याचे जार दिवसभर उन्हात उभे असतात, हे मला फार खटकते. श्वासाचा मार्गही आहेच: दुपारी खिडकीच्या फटीतून आलेल्या कवडशात तरंगणाऱ्या धुळीत पॉलिएस्टरचे, पडद्यांचे आणि साड्यांचे तंतूही असतात. म्हणून कोरड्या झाडूपेक्षा ओल्या फडक्याने पुसणे बरे.

इटलीत मानेच्या धमनीतील चरबीचा थर काढलेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिन सापडले आणि पुढील सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका असे कण न सापडलेल्यांच्या तुलनेत साडेचारपट दिसला. हा केवळ संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही; पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

उष्णतेची दुसरी बाजूही आहे. चीनमधील २०२४ च्या प्रयोगात क्षारयुक्त जड पाणी उकळल्यावर तयार होणाऱ्या चुन्याच्या पांढऱ्या कणांत प्लास्टिक अडकले आणि पाण्यातील ९० टक्क्यांपर्यंत कण कमी झाले, तर कमी क्षारांच्या मृदू पाण्यात हे प्रमाण सुमारे २५ टक्केच राहिले. बोअरच्या पाण्याच्या भांड्यात बसणारी पांढरी पुटे त्याच जातीची आहेत. म्हणून असे पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळून, थंड करून, सुती फडक्यातून गाळावे आणि तळाचा गाळ टाकून द्यावा.